पंचवीस पिनांची केबल

“हीसुद्धा बसत नाही हो, भाऊ,” काकू म्हणाल्या आणि काउंटरपाशी उभ्या राहिल्या, चूक त्यांचीच असावी तशा.

ही पाचवी केबल होती. दुकानदाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीस वर्षं तो जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकत होता. बाकीचे जे भंगारात टाकतात ते त्याच्या फळ्यांवर नावनिशीवार मांडलेलं असे. आपल्या दुकानातून चुकीचा भाग कधी बाहेर गेला नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. कुणी नसलं तर बायकोला ऐकवायचा. आणि या काकू दर सोमवारी येऊन अगदी गोड आवाजात त्याचं नाक कापून जात होत्या.

प्रिंटर जुना होता, करकर करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवणारा. त्याची केबल उंदरानं कुरतडली, असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रिंटरचा नंबर त्यांनी कागदावर नीट लिहून आणला होता. त्या नंबराला एकच केबल लागते, हे दुकानदार झोपेतही सांगू शकला असता. तिसऱ्या खेपेला त्यानं त्यांच्यासमोर पिना मोजल्या. पंचवीस. चौथ्या खेपेला पुन्हा मोजल्या. पंचवीसच. मग बसत कशी नाही?

“बरं, न बसलेल्या तरी परत आणा,” तो म्हणाला. “बघू तरी द्या मला.”

“राहू द्या त्या. तुम्ही आणखी एक द्या.”

आता मात्र त्याचं डोकं चक्रावलं. न चालणारी वस्तू कुणी जपून ठेवतं का? त्यानं फळीवरची शेवटची केबल काढली, गुंडाळीला नेहमीसारखी लाल पट्टी चिकटवली आणि ती काकूंच्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत टाकली.

“चला. मीच येऊन लावून देतो.”

“अहो, नको! दुकान टाकून तुम्ही कशाला...”

“दुकान कुठं पळून जात नाही, काकू. झोप पळालीय माझी.”

घराच्या दाराशी पोचल्यावर किल्ली शोधायलाच काकूंनी इतका वेळ लावला, की आतून हाक आली, “अगं, पदरालाच आहे ती!”

खोलीत खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर तीन उशांना टेकून काका बसले होते. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, पण कानावर पेन्सिल होती आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा.

“तुम्हीच का ते चुकीच्या केबलवाले?” त्यांनी विचारलं.

दुकानदारानं हा घाव गिळला आणि तो मुकाट्यानं टेबलामागे गुडघ्यांवर बसला. प्रिंटरवर धुळीचा कण नव्हता. कडेला भोकं असलेला कागदही आधीच लावून ठेवलेला होता. पलंगावरून टेबलामागचं काही दिसत नव्हतं. त्यानं एक टोक कॉम्प्युटरला लावलं, दुसरं प्रिंटरला दाबलं आणि दोन्ही बाजूंच्या कड्या आत ढकलल्या. केबल टक्कन बसली. हलवून पाहिली तरी हलेना.

मग बाकीच्या पाच का बसल्या नाहीत?

उठण्यासाठी त्यानं हात टेकला तो एका पत्र्याच्या डब्यावर. झाकण सरकलं. आत पाच केबली होत्या. पाचही गुंडाळलेल्या, पाचही लाल पट्ट्या तशाच्या तशा. एकीचीही पट्टी कुणी सोडली नव्हती. त्यांच्याखाली सहावी होती, जुनी, पिवळी पडलेली. तिला उंदराचा दात काय, साधा ओरखडाही नव्हता.

त्यानं मान वर केली. काकू पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डबा पाहिला, त्याच्याकडे पाहिलं.

“चाळीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांचं टाईप केलं,” पलंगावरून काका सांगत होते. “हे पहिलंच माझं स्वतःचं. दोनशे बारा पानं. ही म्हणते, बाहेरून छापून आणू. मी म्हटलं, छट्! माझं पुस्तक माझ्याच मशीनवर निघणार.”

ते दम घ्यायला थांबले.

“डॉक्टरांनी महिना सांगितला होता. मी म्हटलं, पुस्तक पुरं झाल्याशिवाय हलणार नाही. पाच महिने काढले की नाही? आता छापायचं तेवढं राहिलंय. एकदा हातात आलं की मी सुटलो. हिला सांगूनच ठेवलंय तसं. पण ही दर सोमवारी नवी केबल आणते, मला दाखवते, तिथं मागं जाऊन खटपट करते आणि तोंड पाडून येते.”

दुकानदाराचा हात केबलवरच राहिला.

“काय झालं?” काकांनी मान उंचावली. “आत्ता टक्कन वाजलं ना काहीतरी? बसली का?”

काकूंचे पेला धरलेले हात छातीशी गेले.

दुकानदारानं दोन्ही अंगठ्यांनी कड्या मागे ओढल्या, केबल दोन्हीकडून हळूच सोडवली आणि डब्यात बाकीच्यांवर ठेवून झाकण लावलं.

“नाही बसत, काका,” तो म्हणाला. “सहाही वेळा मीच चुकीची दिली.”