परातीतला मोनू

"डायपर बदलायचा त इथंच बदलायचा," टेकचंद म्हणाले आणि दुकानाच्या काउंटरवरचा इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसून काढला. काट्यावर पितळी परात ठेवली, परातीत जुन्या लुगड्याची मऊ घडी अंथरली, एक बटण दाबलं. मग दुपट्टा गिऱ्हाइकाच्या बाजूच्या आकड्यांवर सहज टाकल्यासारखा टाकून दिला.

त्यांची सून करुणा मोनूला घेऊन काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभी होती. लाखांदूरच्या या धानाच्या दुकानात काटा म्हणजे देव. कोणी नुसतं कोपर टेकलं तरी टेकचंद चष्म्यावरून बघत. काटा होण्याआधी, म्हणजे तोल पक्का होण्याआधी, सांडलं ते देणाऱ्याचं, काटा झाल्यावर सांडलं ते घेणाऱ्याचं, हा त्यांचा कायदा, आणि त्यावरून अर्ध्या तालुक्याशी त्यांची एकदा तरी वाजली होती. अशा काट्यावर आठ दिवसांपासून नातवाचं ढुंगण पुसलं जात होतं. करुणाला त्याचा अर्थ लागत नव्हता.

पण दुसरी जागा तरी कुठं होती? दिवाणावर गादी नासते, असं सासूबाईंचं म्हणणं. ओट्यावर अन्न शिजतं. खाली बसून बदलायचं तर तिचे टाके ओढत. काउंटर कमरेइतका उंच होता आणि परातीतून पोरगं घरंगळत नव्हतं. म्हणून ती मुकाट्याने येत होती.

मोनू जन्मला तेव्हा एकोणीसशे ग्रॅम भरला होता. भंडाऱ्याला पंधरा दिवस काचेच्या पेटीत राहून आला. आता सव्वा महिन्याचा झाला होता आणि उद्या त्याला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. अडीच किलो भरला नाही तर परत ठेवून घेऊ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी तोलून बघायची सोय नव्हती. सासूबाईंनी, म्हणजे शेवंताबाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दवाखान्यात तोललं तेवढं बस झालं. घरी लेकरू तोलत नसतात. नजर लागते." तेव्हापासून करुणा रोज मोनूच्या मांड्या बोटांनी चाचपून बघायची आणि मनातल्या मनात घाबरायची.

तिने मोनूला परातीत ठेवलं. टेकचंदांची मान खाली गेली.

"मामाजी, तुमी याच्याकडं पाहून राहिले, का खाली?"

"याच्याकडंच. काहून?"

मोनूच्या तोंडातून दुधाची गुळणी आली. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून करुणाने दुपट्टा ओढला. त्याच्याखाली लाल आकडे जळत होते. दोन पाचशे साठ.

चोर सापडल्यासारखे टेकचंद पोत्यांकडे बघू लागले.

"मामाजी, तुमी याले तोलून राहिले?"

"मी कुठं तोलतो? तू ठेवतं, काटा दाखवतो."

करुणाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. म्हणजे आठ दिवस ती एकटीच घाबरत नव्हती. "अडीचच्या वर हाय, मामाजी," ती म्हणाली.

"हाय," टेकचंद म्हणाले.

"बारदाना कापला का?"

दोघंही दचकले. आतल्या दारात शेवंताबाई उभ्या होत्या. हाताला कणीक लागलेली.

"आठ दिवस झाले, मी थाळीत कणीक मळून राहिली," त्या म्हणाल्या. "घरातली परात कुठं जाते, मले कळत नाही का? पोत्याचं वजन कापल्याबिगर कोणाचं धान घेत नाही तुमी. अन् नातवाचं वजन ओल्या लंगोटासकट धरता?"

टेकचंदांनी कपाळाला हात लावला. परातीचं वजन बटण दाबून आधीच कापलं होतं, पण डायपर राहून गेला; तीस वर्षांत बारदाना कापायला ते पहिल्यांदाच विसरले होते.

करुणाने डायपर सोडला आणि मोनूच्या खालून हळूच काढून घेतला. आकडे भराभर उतरले. तिने डोळे मिटून घेतले.

"उघड वं डोळे," शेवंताबाई म्हणाल्या.

दोन पाचशे पाच. आकडा एकदा थरथरला आणि तिथंच थांबला. नजर लागेल म्हणणाऱ्या शेवंताबाई सगळ्यांच्या आधी काट्याशी पोचल्या होत्या. त्यांनी मोनूवरून दोन्ही हात ओवाळले आणि कणकीच्या हातांनीच कानशिलावर बोटं कडाकडा मोडली.

तेवढ्यात मोनूने धार सोडली. ती परातीच्या काठावरून थेट टेकचंदांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली, खिशातल्या पेनासकट. धार थांबली तेव्हा काट्यावर दोन चारशे नव्वद होते.

"कमी झाला जी," करुणाचा चेहरा उतरला.

शेवंताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

टेकचंदांनी सदरा पुसला नाही. त्यांनी हात लांब करून काटा बंद केला, उघड्या मोनूला परातीतून उचललं आणि त्या ओल्या सदऱ्यावरच छातीशी धरलं.

"काटा झाला होता," ते म्हणाले. "झाल्यावर सांडलं ते घेणाऱ्याचं."