आणून देईन

पुकारा झाला तशी जिजाबाईंनी रजतला दंडाला धरून थेट साहेबांच्या टेबलासमोर नेऊन उभं केलं.

"हा घ्या साहेब," त्या म्हणाल्या. "सापडला."

कर्जवसुलीच्या त्या कोर्टात इतक्या मोठ्याने कुणी बोलत नसे. मागच्या बाकांवरच्या वकिलांनी माना वर केल्या. जिजाबाईंच्या वकील प्रमोदिनीताई लगबगीने पुढे आल्या, पण साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"कोण हे?"

"माझ्या बहिणीचा पोरगा. पेव्हर ब्लॉकच्या कारखान्यासाठी यानंच तं कर्ज घेतलं. वर्षभर पत्ता नाही. सावनेरच्या पुढे एका ढाब्यावर कांदे कापून राहिला होता. आता धरा याले, आन् मले मोकळं करा."

रजतच्या खांद्याला पिशवी होती. तीत दोन शर्ट, टॉवेल, दात घासायचा ब्रश. तुरुंगात काय काय लागतं हे त्याने बसमध्ये मावशीलाच विचारलं होतं. तिला तरी काय ठाऊक!

बँकेचे वकील उठले. "सर, कारखाना विकून झाला. कर्जदाराकडे आता घेण्यासारखं काही नाही. या बाई जामीनदार आहेत, नंदनवनचं घर त्यांच्या नावावर आहे. घराच्या जप्तीचा आदेश व्हावा."

"घराचं काय आलं मधात?" जिजाबाई प्रमोदिनीताईंकडे वळल्या. "हा आला ना आता!"

"काकू, मी सांगितलं होतं तुम्हाला," प्रमोदिनीताई हळूच म्हणाल्या. "बँक दोघांपैकी कुणाकडूनही घेऊ शकते."

सांगितलं होतं खरं. जिजाबाईंनी मानही डोलावली होती. पण ते सगळं पोरगा सापडत नाही तोवरचं, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

"साहेब, सही करताना मॅनेजरनं मले एकच विचारलं. पोरगा पळणार तं नाही? म्या म्हटलं, माझ्या हातचं खाऊन मोठा झाला, पळाला तं मी आणून देईन. आता आणून देऊन राहिली, तं काहून नाही घेत तुम्ही?"

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद उलटून सहीचं पान पुन्हा वाचलं.

"बाई, यात माणूस आणून देण्याचं नाही लिहिलेलं. पैसे भरण्याचं लिहिलंय."

"पण बोलणं तं हेच झालं होतं!"

रजत पुढे सरकला. "सर, मले टाका ना आत."

"तुमची इथे गरज नाही," बँकेचे वकील म्हणाले. आवाजात राग नव्हता. बस पुढच्या स्टॉपवर थांबते, हे सांगावं तसं सांगितलं.

आदेश झाला. घर आता विकता येणार नव्हतं, कुणाच्या नावावर करता येणार नव्हतं. बँकेचा माणूस किंमत काढायला येणार होता. लगेच दुसऱ्या कुणाचातरी पुकारा झाला.

बाहेर फाटकाशी रजत थबकला.

"मावशी, मले सोडलं का त्यायनं?"

"सोडलं वाटते."

"मंग तुले काहून धरलं?"

जिजाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तू तं बारावी पास आहेस. तुले काही समजलं का?"

"नाही."

"मलेही नाही."

रजतने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. बोटांवर सुरीच्या खुणा होत्या. "जाऊ का मंग मी? ढाब्यावर?"

तेवढ्यात एक ऑटो येऊन थांबला. "किधर जाना है, अम्मा?"

"नंदनवन." जिजाबाई आत बसल्या, पदर सावरून पलीकडे सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या सीटवर हात आपटला.

"बस लवकर. घर आज तं आपलंच आहे."