साधं पाणी

वर्षभर माझी पीएचडी उंदरांच्या पिंजऱ्यांत अडकली होती. निम्म्या उंदरांना मिठाचं पाणी द्यायचं, निम्म्यांना साधं, आणि मिठानं ब्लडप्रेशर चढून लकव्याचा धोका किती वाढतो ते दाखवायचं. यंदा दुष्काळात शहरातले नळच कोरडे, म्हणून साधं पाणी टँकरचं. शेवटच्या तपासणीत दोन्हीकडच्या उंदरांचं ब्लडप्रेशर सारखंच चढलेलं निघालं.

"स्वरदा, वर्ष पाण्यात घातलंस!" माझे गाइड मुकुंद सर भडकले. "साध्या पाण्याच्या उंदरांना काय पाजलंस?"

"टँकरचंच, सर. आणखी कुठून आणणार होते?"

पाणी तपासलं, तर त्यातही भरपूर मीठ. सरांनी उंदरांची निगा राखणाऱ्या बिरूला बोलावलं. "हा टँकर भरतो कुठं?"

"लासूर स्टेशनच्या अलीकडं, आमच्या वस्तीवरच्या बोअरवर. दोन सालांमागं पाणी लई खोल गेलं सर, तवापासून मचूळ लागतंय. आम्ही बी तेच पितो, दुसरं हाय कुठं?" तो जरा घुटमळला. "आईला मागल्या साली लकवा मारला. ह्या पाण्यानंच का वो?"

मी सरांकडं पाहिलं. सर फोन लावत होते.

"सगळं पुन्हा पहिल्यापासून करू," ते मला म्हणाले. "हे पाणी उद्यापासून बंद."

दुसऱ्या दिवशी शुद्ध पाण्याचे जार आले. बिरूनंच ते खांद्यावर घेऊन आत नेले.

उंदरांसाठी.