तिसरा ठोका

"तिसरा ठोका हळू पडू दे," ठोक्या म्हणाला. "पहिले दोन कडक. तिसरा दमल्यासारखा."

ड्रमवर बसलेल्या मुलीने पुन्हा वाजवून पाहिलं. आता जमलं.

ठोक्या हे नाव बँडमधल्या दोस्तांनी ठेवलेलं. चाळीस वर्षांत ते असं चिकटलं की खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. दोस्त तिघेही एकामागून एक गेले. मागे राहिलं एक गाणं. 'हाक द्या, आम्ही जागे आहोत' हे त्याचं धृपद. सरकारने बंदी घातली, आणि बंदी घातली म्हटल्यावर ते घरोघरी पोचलं.

मग ज्याला त्याला ते गावंसं वाटू लागलं. कैद्यांनी ताटल्या बडवत गायलं, शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवत. परदेशातल्या एका गायिकेने ते पियानोवर इतकं संथ गायलं की ऐकणाऱ्याला पेंग यावी. एका टायर कंपनीने तर ते जाहिरातीत घेतलं. टायरमधल्या हवेविरुद्ध कुणाचं बंड होतं देव जाणे. पण शेवटच्या कडव्याआधीचे तीन ठोके कुणीच गाळले नाहीत. कुणी म्हणे ते शिपायांचे बूट, कुणी म्हणे जनतेच्या काळजाची धडधड. एका प्राध्यापकबाईंनी त्यावर सबंध प्रकरण लिहिलं. त्यांच्या मते तिसरा ठोका म्हणजे थकत चाललेली सत्ता.

"काका, खरंच कसले होते हो ते?" मुलीने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

चाळीस वर्षं त्याचं हेच उत्तर होतं. खरं सांगितलं असतं तर हसं झालं असतं.

गाणं भाड्याच्या खोलीत झालं होतं, मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर. भर दुपारी, ऐन रंगात आलेलं असताना, खालून जमिनीला तीनदा काठी बसली. खालच्या काकू! टेलिफोन ऑफिसातल्या पाळ्या करून दिवसा झोपणाऱ्या, आणि जिन्यात गाठून "बडवायचंच असेल तर माळावर जा," असं सुनावणाऱ्या. गाणाऱ्याने डोळा मारला आणि आवाज आणखी चढवला. ठोक्यानेही हात सैल सोडले. दुसरी टेप नव्हती, म्हणून ठोके तसेच राहिले. संध्याकाळी चौघे टेप घेऊन दुसऱ्या शहरात गेले. परतले तेव्हा कळलं, निघाले त्याच दिवशी खालचे काका वारले. कित्येक महिने अंथरुणावर होते, सुटले बिचारे, असं जो तो म्हणत होता. चौघांना तोंड दाखवायची लाज वाटली. त्यांनी खोली बदलली आणि भेटायला जायचं राहून गेलं.

आता गाण्याचा मोठा सोहळा होता. स्टेजवर चार खुर्च्या मांडणार होते, तीन खुर्च्यांवर फोटो आणि हार. चौथी खुर्ची ठोक्याची. तीन हारांशेजारी बसलेला माणूसही फोटोच वाटतो. 'तुला आठवतं का रे?' असं ज्याला विचारावं, असं जगात कुणी उरलं नव्हतं.

त्या खोलीवर पाटी लावायला गेलेल्या माणसाने सहज सांगितलं की खाली एक आजी अजून राहतात. ते ऐकलं आणि ठोक्याच्या मनात आलं, आहे की एकजण! गाण्यात वाजलेलं पाचवं माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या दारात उभा होता.

"तू तो बडवणारा ना?" काकूंनी विचारलं.

"तोच."

"ये. डोकं सांभाळ."

छत पूर्वीसारखंच बुटकं होतं. पलंग तिथेच, भिंतीशी. कोपऱ्यात काठी टेकवलेली पाहून ठोक्याला हसू आलं.

"हीच का ती?"

"ही माझी. आता मलाही लागते." काकूंनी चहाचं आधण ठेवलं. "काय आवाज करायचात रे मेल्यांनो!"

"तुम्ही कसल्या ओरडायचात!"

"मी ओरडायचे. यांना मात्र आवडायचं. म्हणायचे, वर माणसं आहेत एवढं तरी कळतं."

ठोक्याने मग सगळं सांगून टाकलं. चाळीस वर्षं पोटात ठेवलेला विनोद बाहेर पडताना त्याला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. "तुमच्या काठीने गाणं अमर केलं, काकू. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसाल? मी फार एकटा पडलोय हो."

"माझी काठी?" काकू गोंधळल्या. "मिरवणुकीत ऐकलंय ते गाणं. त्यात ढोल असतो."

"तो मागाहून. मूळ ऐका."

त्याने मोबाइलवर जुनी टेप लावली. काकूंनी तो कानाशी धरला. तीन ठोके पडले. पाठोपाठ आवाज चढला, 'हाक द्या, आम्ही जागे आहोत.'

"परत लाव."

त्याने परत लावली. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. काकू उठल्या नाहीत.

"हे तुम्ही बाहेरगावी गेलात त्या दुपारचं?"

"हो. तुमची झोपमोड झाली, माफ करा."

"मी कामावर होते रे." काकूंनी पलंगाकडे पाहिलं, मग छताकडे. "मीच यांना सांगून ठेवलं होतं. काही लागलं तर छताला काठी ठोका, वरची पोरं धावत येतील."