घरचा पंप

थकलेल्या हृदयाला हात देणारा पंप सरांनी आणि तिने मिळून घडवला होता. प्रयोगशाळेत बाकीचे स्क्रीनकडे डोळे लावून बसायचे. ही थेट पंपाला कान लावायची आणि आत काय घासतंय ते सांगायची. सर कौतुकाने तिला ‘कानसेन’ म्हणायचे.

पुढे सरांच्याच हृदयाने दगा दिला आणि त्यांच्या छातीतही पंप बसवावा लागला. ती भेटायला गेली तेव्हा ते उशांना टेकून बसले होते, पंपाच्या बॅटऱ्या कमरेच्या पट्ट्यात.

“सर, ऐकू का जरा?”

“नको गं, टाके ओले आहेत अजून,” असं ते म्हणेपर्यंत तिने अलगद कान टेकवलासुद्धा.

दोघांनी घडवलेल्या पंपाचा तो घुमणारा, जाडसर सूर तिने झोपेतही ओळखला असता. इथे नुसती बारीक गुणगुण होती.

ती सावकाश सरळ झाली. “सर, हा आपला नाही. हा त्या दुसऱ्या कंपनीचा आहे.”

सर पांघरुणाची कड चिमटीत धरून बसले. “त्यांचा वर्षानुवर्षं वापरात आहे गं. पारखलेला.”

“आणि माझ्या बाबांना आपला बसवताना? ‘घरचा असताना परक्याचा कशाला,’ असं कोण म्हणालं होतं?”

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच मायेने.

“कुणाच्या तरी छातीत तो पहिल्यांदा बसवून बघायलाच हवा होता ना, बाळा.”