पहिलं बुकिंग

दारावरच्या आंब्यात लाल मुंग्यांनी घरटं बांधलं म्हणून अण्णांनी पाहुण्यांच्या झोपडीचं दारच मागच्या बाजूला नेलं.

“पाहुणे वेडे म्हणतील तुम्हाला,” लेक चित्रा म्हणाली.

“म्हणू देत. पैसे भरून म्हणतील.” दोघंही पोट धरून हसली.

त्याच रात्री झोपेत अण्णा गेले.

तेरावं झाल्यावर काका म्हणाले, “कातळावर जंगल लावायचा नाद दादाचा. तू पुण्याला परत जा.” पहिलं बुकिंग रद्द करायला तिने फोन लावला.

“धनेश पक्षी दिसेल ना हो?” पलीकडच्या बाईंनी उचलताच विचारलं.

“जोडीच आलीय,” चित्रा म्हणाली आणि बोलतच सुटली: पाटीने वाहून आणलेली माती, डोक्याच्या वर वाढलेले उंबर, झेपावणारं शेकरू. आवाज चढत गेला.

“तुम्ही तिथेच असाल ना?”

अण्णांना जे कधीच सांगितलं नव्हतं, ते ती मोठ्याने म्हणाली, “मी इथेच राहणार आहे.”