पाच रेघांचा नेम

“चाळीस वर्षं कानाने वाजवलं मी. आता या मुंग्यांच्या रांगा वाचू?” आमच्या ह्यांनी पाच रेघांवर सूर लिहिलेला कागद बाजूला सारला आणि गिटार पोटाशी धरली.

डावा कान आधीच गेला होता. उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गिटार हे कुणाकडे शिकले नव्हते, सगळं ऐकूनच. ऐकणं संपलं, की उरणार काय?

मी हळूच म्हटलं, “ईस्टरआधीच्या उपवासकाळातला माझा नेम आहे. चर्चच्या गायनबाईंकडून रोज थोडं शिकायचं आणि रोझरीच्या प्रार्थनेनंतर तुम्हाला शिकवायचं. मोडू नका माझा नेम.”

“देवाला मध्ये घालतेस होय!” हे हसले, पण बसले. चाळीस संध्याकाळी आम्ही दोघं त्या पाच रेघांवर वाकलो.

ईस्टरपर्यंत उजवा कानही मिटला. ईस्टरच्या पहाटे केळीच्या बागेतलं धुकं खिडकीतून आत येत होतं. थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला ह्यांनी रचलेली चाल मी आठवून लिहून काढली होती, ती समोर ठेवली. गिटार भिंतीलाच होती. हे नुसते कागदाकडे बघत राहिले. हळूहळू पाय ताल धरू लागला, चेहरा पूर्वी वाजवताना व्हायचा तसा निवांत झाला. मग एकदम कपाळाला आठी पडली.

“इथे चुकलीस,” त्यांनी बोट टेकवलं. “हा सूर वर चढतो.”

मी चाल गुणगुणून पाहिली. खरंच चढत होता.